पिवळ्या तारेचं जादा टोक

बॉनेटच्या हुकाला बांधलेला दोरा जागच्या जागी होता. गाठ मात्र माझी नव्हती.

रेडिओचा काटा पुढे-मागे सरकवायला आत एक बारीक दोरा असतो. त्याला आम्ही डायल कॉर्ड म्हणतो. तो ताणून बांधावा लागतो, नाहीतर काटा घसरतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत दारात. त्यासाठी मी एक गाठ बसवली होती. दोन वेढे आणि एक उलटा फास. नगरात ती गाठ मारणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. आदल्या संध्याकाळी जीपच्या बॉनेटच्या दोन्ही हुकांना मी हाच दोरा, याच गाठीनं, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा बांधला होता. सकाळी पाहतो तर एका बाजूला साधी गाठीवर गाठ. शेतकरी पेंढीला मारतो तशी.

म्हणजे रात्रीतून कुणीतरी बॉनेट उघडलं होतं. बॉनेटखाली बॅटरी. आणि बॅटरी पुन्हा उतरलेली होती. चावी फिरवली की स्टार्टर नुसता ‘टक्’ म्हणायचा आणि गप्प बसायचा.

“सापडला,” मी मनात म्हणालो. मला आनंदच झाला, हे कबूल करतो.

मी कुलथे. नगरला कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लाऊडस्पीकरचे ॲम्प्लिफायर मी बांधून द्यायचो, गाड्यांत बसवूनही द्यायचो. स्वभाव पहिल्यापासून संशयी. गिऱ्हाईक म्हणालं, ‘आपोआप बंद पडला,’ की मी आधी आतली धूळ बघायचो, स्क्रूवर कुणाचा पाना लागलाय का ते बघायचो. बहुतेक वेळा लागलेला असायचाच. या धंद्यात संशय हा निम्मा पाना आहे, असं मी तेव्हा मोठ्या ऐटीत सांगायचो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. शेवगावच्या पुढे, जिल्ह्याच्या पूर्वेकडे एक सरकारी कचेरी होती. नाव देत नाही, तिथली माणसं ओळखीची आहेत. त्या कचेरीच्या जीपला मी उन्हाळ्यात ॲम्प्लिफायर बसवून दिला होता. टपावर दोन भोंगे. खडी फोडायचं काम उद्या कुठल्या गावाला निघणार, पाण्याचा टँकर कुठे किती वाजता येणार, हे सगळं ती जीप गावोगाव ओरडत फिरायची. सकाळी जीप निघाली नाही तर बाया डोक्यावर घागरी घेऊन चुकीच्या फाट्यावर जाऊन बसायच्या. माणसं चार कोस चालून जायची आणि काम दुसरीकडेच निघालेलं असायचं.

अशी जीप दसऱ्यापासून सकाळी सुरूच होईना. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

साहेब म्हणजे कचेरीचे मुख्य अधिकारी. पन्नाशीचे, काटेकोर, बोलताना टेबलावरचे कागद एकसारखे करायची सवय.

“कुलथे, गॅरेजवाला म्हणतो बॅटरी उत्तम आहे. तीनदा चार्ज करून आणली. मग रात्रीतून करंट जातो कुठे?”

“रोज उतरते का?”

“तीच तर गंमत आहे. जीप बाहेरगावी मुक्कामाला असली की सकाळी झटक्यात सुरू होते. इथे शेडमध्ये असली की उतरते. आणि हे कधीपासून, तर नवा ड्रायव्हर आल्यापासून.”

जुना ड्रायव्हर, नाना, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रिटायर झाला. त्याच्या जागी साळवे आला. तिशीचा, हंगामी नेमणुकीचा. कचेरीत माणसं कमी म्हणून गाडी चालवायची आणि माईकवर बोलायचं, दोन्ही कामं त्याच्याकडेच. त्याचं घर गावातच होतं. त्यामुळे जीप मुक्कामाला इथे असली की तो घरी जायचा.

“रात्रीतून बॅटरी काढून घरी नेत असणार,” साहेब म्हणाले. “रेडिओ लावायला, नाहीतर कुणाच्या लग्नाकार्यात दिवे लावायला. पहाटे आणून बसवत असणार. शेडची एक किल्ली असते त्याच्याकडे.”

“वॉचमन?”

“भिवाबाला विचारलं मी. रात्री कुणीही जीपपाशी येत नाही म्हणतो. पण म्हातारा माणूस, डोळा लागत असेल. तो देवमाणूस आहे, त्याच्याबद्दल प्रश्नच नाही.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “नाना होता तोवर काही तक्रार नव्हती. सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय तो चावी फिरवत नसे. हा साळवे बौद्ध. डॅशबोर्डवर देवाचा फोटो आहे, त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.”

देवाचा आणि बॅटरीचा काय संबंध, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. मी मान डोलावली. आज सांगताना लाज वाटते, पण डोलावली.

साहेबांनी एक टाईप केलेला कागद दाखवला. साळवेला कामावरून कमी करण्याचा मेमो. सही तेवढी बाकी होती.

“उद्या संध्याकाळपर्यंत मला तुमचा रिपोर्ट द्या. ॲम्प्लिफायरमध्ये दोष नाही, एवढं लिहा. परवा सकाळी मी याच्यावर सही करतो.”

म्हणजे त्या माणसाची नोकरी माझ्या चार ओळींवर होती. अशा सालात, जेव्हा शिकलेली माणसंही खडी फोडायला जात होती.

पहिल्या दुपारी मी जीप तपासली. इथे थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल.

ॲम्प्लिफायरला करंट भरपूर लागतो, म्हणून त्याला बॅटरीवरून थेट जाड लाल तार दिलेली असते. पण ती कायम चालू ठेवून चालत नाही. मध्ये एक रिले बसवतात. रिले म्हणजे करंटवर चालणारं छोटं फाटक. त्या फाटकाला एक बारीक तार जाते. या गाडीत ती पिवळी होती. ड्रायव्हरसमोरचं बटण दाबलं की पिवळ्या तारेतून थोडासा करंट जातो, फाटक उघडतं, जाड तारेतला करंट आत शिरतो आणि ॲम्प्लिफायर सुरू होतो. बटणाला करंट मी गाडीच्या चावीवरून घेतला होता. चावी काढली की पिवळी तार मेली, फाटक बंद, काम खलास. मोठं पाणी जाड तारेचं, पण हुकूम बारीक तारेचा.

मी बॅटरीची तार सोडून मध्ये मीटर लावला. चावी बंद, सगळी बटणं बंद. गाडी करंट पीत असली तर काटा हलणार. काटा शून्यावर. अर्धा तास बसलो. काटा मेल्यासारखा पडून.

रिले उघडून पाहिला. साफ. ॲम्प्लिफायर मागच्या सीटखाली, धूळ बसू नये म्हणून ताडपत्रीत गुंडाळलेला. थंडगार. लाल तार कुठे घासलेली नाही. पिवळी तार रिलेपासून बटणापर्यंत हातानं चाचपत आलो. सगळं मी ठेवलं होतं तसं.

एक जागा सोडून.

बटणापाशी पिवळ्या तारेचं वीतभर जादा टोक मी ठेवलं होतं. पुढे-मागे काही जोडायचं झालं तर असावं म्हणून. सगळेच मेकॅनिक ठेवतात. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून ते डॅशबोर्डच्या वरच्या कडेला खोचलं होतं. आता त्या कडेवर खंडोबाचा फ्रेम केलेला फोटो होता, समोर एक लाल बारका बल्ब, फोटोला वाळलेला झेंडूचा हार. दसऱ्याच्या गाडीपूजेतला. टोक त्या फोटोमागे गेलं होतं. माझे हात कोपरापर्यंत ग्रीसनं भरलेले. फोटोमागे तसे हात घालायला मन होईना. मी मनगटं जोडून नमस्कार केला आणि ती जागा सोडली. बल्ब विझलेला होता. विझलेला बल्ब काय खाणार, म्हटलं.

साळवे हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. काही विचारत नव्हता. संशयी माणसाला गप्प माणूस फार सोयीचा असतो. बोलला असता तर म्हणालो असतो, सारवासारव करतोय. गप्प राहिला तर म्हणालो, काहीतरी लपवतोय.

“रात्री जीप कोण वापरतं?” मी विचारलं.

“कुनी न्हाई.”

“किल्ली तुझ्याकडेच असते ना?”

“हाय की. एक माज्याकडं, एक भिवाबाकडं.”

“मग बॅटरी उतरते कशानं?”

त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. “त्येच्यासाठीच तर तुमाला बोलावलंय, सायेब.”

उद्धट वाटला मला. संध्याकाळी तो घरी गेल्यावर मी बॉनेटला दोरा बांधला आणि विश्रामगृहावर जाऊन स्वस्थ झोपलो.

सकाळी ती गाठ.

मी कुणाला काही बोललो नाही. पुरावा हातात असला की माणूस उगाच शांत होतो. खडीच्या कामाला निघालेल्या माणसांनी धक्का मारून जीप सुरू करून दिली. साळवे माईक घेऊन गावांच्या फेरीवर गेला. मी कचेरीच्या व्हरांड्यात बसून पेन्सिलीनं रिपोर्ट लिहायला घेतला. ‘ॲम्प्लिफायर व त्याच्या वायरिंगमध्ये दोष आढळला नाही. रात्री बॉनेट उघडले गेल्याची खूण मिळाली.’ दुसरं वाक्य लिहून मी त्याखाली रेघ मारली.

तरी मनात एक पाल चुकचुकत होती. बॅटरी काढून नेणारा माणूस दोरा पुन्हा बांधेल का? त्याला दोरा दिसला असता, तर आपल्यावर पाळत आहे हे कळलं असतं. त्या रात्री तरी त्यानं बॅटरीला हात लावला नसता. आणि बॅटरीच्या टोकांचे नट मी सकाळी पाहिले होते. मी लावलेला ग्रीसचा थर जसाच्या तसा होता. नट फिरवले असते तर तो फाटला असता. हे मला दिसलं होतं. पण जे दिसलं ते माझ्या रिपोर्टात बसत नव्हतं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

चारच्या सुमाराला जीप परत आली. साळवे उतरला, थेट माझ्यापुढे आला आणि चावी माझ्या हातात ठेवली.

“सायेब, कालच्यावानी मीटर लावा.”

“काल लावला होता. काही निघालं नाही.”

“काल दुपारी लावल्ता. दुपारी बॅटरी उतरत न्हाई. रातची उतरती. आता लावा, आन् काढूच नका. चावी तुमच्यापाशी. शेडची किल्ली बी घ्या.” त्यानं तीही दिली. “मी घरी जात न्हाई. हितं तुमच्याम्होरं बसतो. सायबांचा कागद मला ठाव हाय. टाईप करनाऱ्यानं सांगितलं.”

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. तीस वर्षं पाना हातात धरलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. दोष ज्या वेळी घडतो त्या वेळी तपासायचा, ही या धंद्यातली पहिली इयत्ता. मी चोर शोधायच्या नादात ती विसरलो होतो.

बॉनेट उघडं ठेवून मी मीटर लावला. काटा शून्यावर. मी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बसलो, साळवे समोर जमिनीवर, भिंतीला टेकून. दोघांच्या मध्ये जीप. पाच वाजले. साडेपाच वाजले. मी काट्याकडे बघत होतो आणि अधूनमधून साळवेच्या हातांकडे. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्याचाही माझ्यावर संशय असावा. मीच ॲम्प्लिफायर बसवणारा. माझा माल खराब ठरू नये म्हणून मी त्याला बुडवणार, असं त्यानं धरलं असेल तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

दिवस मावळला. कंदील घेऊन भिवाबा आला. सत्तरीकडे झुकलेला, पांढरं मुंडासं, कपाळाला भंडारा. आम्हाला दोघांना बघून त्याला काही नवल वाटलं नाही. कंदील खुंटीला अडकवला, शेडच्या दारात चपला काढल्या, जीपपाशी गेला. ड्रायव्हरच्या बाजूनं आत वाकला. फोटोला हात जोडले आणि फोटोखाली बोट नेऊन काहीतरी दाबलं.

टिक्.

लाल बल्ब लागला. खंडोबाच्या तोंडावर उजेड पडला. त्याच क्षणी सीटखालून ‘खट्’ असा आवाज आला आणि माझ्यासमोर मीटरचा काटा उडून तीन अँपिअरच्या जवळ जाऊन थांबला.

तो ‘खट्’ मी हजार वेळा ऐकला होता. रिलेचं फाटक उघडल्याचा. मी मागे जाऊन ताडपत्री वर केली. ॲम्प्लिफायरचा हिरवा दिवा चालू. टपावरच्या भोंग्यांतून बारीक ‘सूं’ येत होता. माईक बंद असल्यामुळे आवाज नाही, पण यंत्र जागं. चावी माझ्या खिशात होती, ड्रायव्हर चार हातांवर बसलेला होता, आणि जीप बॅटरी पीत होती.

“भिवाबा,” मी विचारलं, “हा दिवा रोज लावता?”

“व्हय जी. दिवेलागनीला.”

“आणि विझवता कधी?”

“पहाटं. झुंजुमुंजू झालं की. दिसा कशाला जाळायचा?”

“साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?”

म्हातारा गोंधळला. “त्येंनी इचारलं, रातचं जीपपाशी कोन येतं. मी म्हनलं, कुनी येत न्हाई. खरंच कुनी येत न्हाई जी. देवाम्होरं दिवा लावायचा, त्येला येनं म्हनत्यात का?”

मग त्यानं सगळं सांगितलं. नानाची ती शेवटची गाडीपूजा. नानानं वाटेवरच्या कुण्या वायरमनकडून देवापुढे दिवा बसवून घेतला. त्याची हौस दुहेरी होती. गाडी गावात बोलायला लागली की देवापुढे दिवा लागला पाहिजे, आणि गाडी उभी असली तरी संध्याकाळी लावता आला पाहिजे. रिटायर होताना त्यानं भिवाबाचे हात धरून सांगितलं होतं, ‘मी नसलो तरी दिवेलागणीला गाडीत अंधार ठेवू नका.’ भिवाबानं एक दिवस चुकवला नव्हता.

“रातचा भोंगा बारीक सूं सूं करायचा,” तो म्हणाला. “मला वाटलं वारं शिरतंय.”

मी हात धुतले, स्वच्छ पुसले आणि फोटो उचलला. मागे माझंच पिवळं टोक. चिकटपट्टी काढून कुणीतरी ते दिव्याला जोडलं होतं. त्याच दिव्याला दुसरी तार हॉर्नच्या जोडावरून आणलेली. हॉर्नच्या जोडाला चावी बंद असली तरी करंट असतो. त्या तारेवर एक बारकं बटण.

साळवे माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. एकाच वाफ्याला दोन पाटांनी पाणी आणलं आणि मध्ये बांध घातला नाही, तर एका पाटाचं पाणी वाफ्यात येतं आणि दुसऱ्या पाटातून उलटं वर चढतं. तसंच. म्हातारा दिव्यासाठी हॉर्नकडचा करंट सोडायचा. तो दिव्यात जायचा आणि तिथून पिवळ्या तारेतून उलटा रिलेकडे. रिलेला काय माहीत हुकूम कुणाचा? पिवळ्या तारेतून करंट आला, त्यानं फाटक उघडलं. बारका बल्ब रात्रभर जळला तरी बॅटरीला कळत नाही. ॲम्प्लिफायर बारा तास जागा राहिला की बॅटरी झोपते. बाहेरगावी मुक्काम असला की भिवाबा नाही, दिवा नाही, बॅटरी ठणठणीत.

“तू हा दिवा कधी लावून पाहिला नाहीस?” मी साळवेला विचारलं. “नाहीतर फोटोमागे बघितलं नाहीस?”

तो जीपपासून एक पाऊल मागे सरकला.

“मी फोटोला हात लावला असता आन् त्यो पडला-बिडला असता, तर? बॅटरीचं राहिलं असतं बाजूला. म्हनले असते, आल्या आल्या देव काढला. म्या ठरवलंच हुतं, त्या कडेला बोट बी लावायचं न्हाई.”

मी ग्रीसच्या हातांमुळे ती जागा सोडली. त्यानं आपल्या जातीमुळे सोडली. ज्या एका जागेला हात लावायला कुणी धजत नव्हतं, तिथेच दोष होता. आणि तिथे हात लावणाऱ्या एकट्या माणसावर कुणाचा संशय नव्हता.

भिवाबा चपला घालून दाराशी उभा होता. “माज्यामुळं झालं का हे? माजी नोकरी जाईल का जी?”

मी उत्तर द्यायच्या आत साळवे बोलला. “न्हाई बाबा. तारंचा दोष हाय. तुमी काय तार जोडली व्हय?” मग माझ्याकडे वळून, “सायेब, बाबांचं नाव लिहू नका.”

आदल्या दिवसापासून ज्याला मी चोर धरून बसलो होतो, तो माणूस हे बोलत होता. मला माझीच शरम वाटली. पेन्सिलीचा रिपोर्ट माझ्या खिशात होता, खाली रेघ मारलेल्या वाक्यासकट.

दुरुस्ती दहा मिनिटांची. पिवळं टोक दिव्यापासून सोडवलं आणि या खेपेला मुळापासून कापलं. दिव्याला हॉर्नकडची एकच तार ठेवली. भिवाबाला म्हणालो, पुन्हा लावा. त्यानं भीतभीत बटण दाबलं. दिवा लागला. सीटखालून आवाज नाही. काटा शून्याच्या जरासा वर, तिथेच.

कंदिलाच्या उजेडात नवा रिपोर्ट लिहिला, खाली सही केली आणि लगेच साहेबांच्या घरी गेलो.

“चूक कुणाची?” त्यांनी पहिलं तेच विचारलं.

“माझी. पिवळ्या तारेचं जादा टोक मी उघडं सोडलं होतं. ते दुसऱ्या तारेला लागलं.”

“मग साळवे?”

“साळवेचा काही संबंध नाही. त्याच्यामुळेच सापडलं.”

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. संशयी माणसाला दुसऱ्याची नजर बरोबर कळते. मी काहीतरी राखून बोलतोय हे त्यांना कळलं होतं. पण रिपोर्ट लेखी होता, खाली माझी सही होती, आणि सरकारी माणसाला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि जीप एका झटक्यात सुरू झाली. साळवे शेवगावच्या बाजूलाच निघाला होता, मी एस.टी.साठी त्याच्याबरोबर बसलो. गावाबाहेर पडलो तसा मी न राहवून विचारलं, “बॉनेटचा दोरा?”

तो हसला नाही. “सकाळी फडक्यानं गाडी पुसताना तुटला. त्येच्या आदी दिसलाच न्हवता. तुटल्यावर कळलं, ही खून हाय. माज्यासाठी बांधलीया.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तुमचा दोरा तुटला म्हनून? तुमी म्हनला असता, बॉनेट उघडलं. म्हनून परत बांधला. तुमची गाठ काय मला जमली न्हाई.” गियर बदलत तो म्हणाला, “चोरी केली न्हवती, सायेब. पर दोरा बांधताना चोरावानीच इकडं तिकडं बघत हुतो.”

समोर बॉनेटच्या हुकावर तो दोरा अजून लोंबत होता.

पहिल्या गावाच्या पाराजवळ त्यानं जीप थांबवली. बटण दाबलं, सीटखाली ‘खट्’ झालं. माईक हातात घेऊन तो कचेरीनं दिलेल्या कागदावरून टँकरच्या वेळा वाचू लागला. आवाज चांगला होता, ठाम आणि सावकाश. बाया घागरी घेऊन जवळ आल्या. वाऱ्यानं कागद फडफडला आणि हातातल्या हातात उलटा झाला.

मागे त्याचाच मेमो होता. सही न झालेला. कचेरीत कागदाची टंचाई, म्हणून टाईप करणाऱ्यानं कोऱ्या बाजूला टँकरचं वेळापत्रक मारलं होतं. ‘श्री. साळवे, हंगामी वाहनचालक, यांना कामावरून कमी करण्यात येत आहे’ हे मला शेजारी बसून वाचता आलं. त्यानंही वाचलं. माईक चालू होता. भोंग्यातून दोन क्षण नुसती वाऱ्याची सूं आली.

मग त्यानं कागद पुन्हा सरळ केला. “...शाळेजवळ दुपारी दोन वाजता. पुन्हा सांगतो, दुपारी दोन वाजता.”

एका बाईनं विचारलं, “दोन म्हंजी दोनच का रं बाबा?”

“दोनच, मावशी,” तो म्हणाला. “कागदावर हाय.”

त्यानंतर मी कितीतरी गाड्यांत ॲम्प्लिफायर बसवले. बारीक तारेचं जादा टोक कधी सोडलं नाही, आणि तपासायला बसलो की आधी हात धुऊन देवाच्या फोटोमागे बघितलं. त्या सकाळी जीपमधून उतरल्यावर मी हुकावरचा तो दोरा सोडवून खिशात घातला होता. बरेच दिवस तो दुकानात खिळ्याला टांगलेला होता. साळवेची गाठ मी सोडायचा प्रयत्न केला, पण ती माझ्या गाठीपेक्षा पक्की निघाली.